अंतराची निवड : मॅक्रो लेन्सविषयी प्रस्तावना

मॅक्रो लेन्स कोणती घ्यावी हा प्रश्न बहुधा यंत्राचा प्रश्न म्हणून विचारला जातो. कोणत्या कंपनीची काच अधिक निर्मळ, कोणाचे फोकस अधिक चपळ, कोणाची किंमत आवाक्यातली, असा तपशील ओळीने मांडावा, त्यावर गुण द्यावेत आणि बेरजेवरून निकाल करावा, असा एक शिरस्ताच पडून गेला आहे. तो तपशील निरर्थक आहे असे कोणी म्हणणार नाही, आणि या पुस्तकातही तो यथास्थळी दिला आहे. परंतु ज्याने अशी लेन्स विकत घेऊन काही काळ तिच्यासह प्रामाणिकपणे काम केले आहे, त्याला हे उमगल्याशिवाय राहत नाही की, काचेच्या गुणांहून आणि यंत्राच्या चपळाईहून निर्णायक अशी एक गोष्ट या निवडीत असते, आणि ती म्हणजे लेन्सचे तोंड व समोरचा विषय यांच्यामध्ये उरणारे अंतर. रेशमाच्या धाग्यापाशी किती जवळ जावे, मक्याच्या पोंग्यात दडलेल्या अळीपाशी किती जवळ जावे, आणि दीड हजार वर्षांच्या भित्तिचित्रापाशी किती जवळ जाऊ नये, या तीन प्रश्नांची उत्तरे एकच लेन्स सारख्या समर्थपणे देऊ शकत नाही. म्हणून मॅक्रो लेन्सची निवड ही मुळात अंतराची निवड होय, आणि ते अंतर ठरविण्याचा पहिला अधिकार विषयाचा आहे, हे या पुस्तकाचे आधारभूत प्रतिपादन आहे.

हे पुस्तक छत्रपती संभाजीनगरात बसून, मुख्यतः या शहरातील व भोवतालच्या तालुक्यांतील नवशिक्या छायाचित्रकारांसाठी, शेतकी आणि वनस्पतिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी, व घरातील जुन्या वस्तू जिव्हाळ्याने सांभाळणाऱ्या गृहस्थांसाठी लिहिले आहे; साहजिकच त्यातील उदाहरणेही याच मुलखातली आहेत. या नगराची कीर्ती भव्य वस्तूंसाठी आहे. मलिक अंबराने १६१० मध्ये खडकी या जागी वसविलेले, १६५३ पासून औरंगाबाद म्हणून ओळखले गेलेले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर हे नाव अधिकृतपणे धारण केलेले हे शहर पाहावयास येणारा प्रवासी वेरूळच्या कैलासासमोर, देवगिरीच्या तासलेल्या कड्यासमोर किंवा बीबी का मकबऱ्याच्या घुमटासमोर उभा राहतो, तेव्हा तो स्वाभाविकपणेच चार पावले मागे सरतो आणि जेवढे मावेल तेवढे एका चौकटीत घेऊ पाहतो. अशी छायाचित्रे आज मुबलक आहेत, आणि त्यांची योग्यताही आहे. परंतु ही भव्यता ज्यांच्या हातांनी घडली ते हात वस्तूपासून वीतभर अंतरावर काम करीत होते. मकबऱ्याच्या चुनेगच्चीत वेलबुट्टी उठविणारा गवंडी, पैठणच्या मागावर पदरातील मोर विणणारा कोष्टी, ‘खुजिस्ता बुनियाद’ या बिरुदाने नाणी पाडणाऱ्या येथील मोगल टांकसाळीत पोलादी ठशावर उलटी अक्षरे खोदणारा कारागीर, या सर्वांनी जे निकटून घडविले ते निकटूनच कळते. त्यांच्या कामाची दखल घ्यावयाची तर दुरून पाहणारी दृष्टी पुरी पडत नाही. तिथे मॅक्रो लेन्सचे प्रयोजन सुरू होते.

जवळून आणि बिनचूक नोंद घेण्याची परंपरा या प्रदेशाला नवी नाही, आणि तिचा इतिहास या पुस्तकाच्या विषयाशी फार जवळचा आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. वर्षानुवर्षे लेण्यांच्या अंधारात बसून त्याने रंगविलेली बहुतेक तैलचित्रे लंडनजवळ क्रिस्टल पॅलेसमध्ये १८६६ साली लागलेल्या आगीत जळून गेली. तोपर्यंत त्याने कॅमेराही हाती घेतला होता, आणि त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह १८६४ मध्ये प्रसिद्ध झालेली होती. त्यानंतर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून पुन्हा नकला करण्याचे काम अंगावर घेतले. त्यांपैकीही अनेक चित्रे १८८५ मध्ये लंडनमध्ये आगीच्या भक्ष्यस्थानी पडली. पुढे निजाम सरकारच्या पुराणवस्तु खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावरील आपला ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात चार भागांत सिद्ध केला, तो छायाचित्रांच्या आधारावर. या सर्व प्रयत्नांतून दोन बोध निघतात. पहिला असा की, मूळ वस्तू आणि तिची नोंद ही दोन्ही नाशवंत असल्याने नोंद पुनःपुन्हा व्हावी लागते. दुसरा अधिक गंभीर आहे : नकला करताना रंग उजळ दिसावेत म्हणून, आणि पुढे डागडुजीच्या हेतूने, भिंतींवरील चित्रांना जे रोगण चढविले गेले ते कालांतराने पिवळे पडले, आणि ज्या चित्रांवरील प्रेमापोटी ते चढविले होते त्याच चित्रांचे रूप त्याने मलिन केले. सद्हेतूने केलेली जवळीकही वस्तूला बाधक होऊ शकते, ही जाणीव मॅक्रो छायाचित्रकाराने पहिल्या दिवसापासून मनाशी बाळगली पाहिजे.

आता मॅक्रो लेन्स म्हणजे नेमके काय, याची खातरजमा करून घेऊ; कारण साध्या झूम लेन्सच्या कड्यावरही ‘मॅक्रो’ ही अक्षरे छापलेली आढळतात, आणि त्यांवर विसंबून अनेकांची निवड चुकते. कसोटी प्रमाणाची आहे. वस्तू प्रत्यक्षात जेवढी असेल तेवढेच तिचे प्रतिबिंब सेन्सरवर पडत असेल, तर ते प्रमाण १:१ होय, आणि ज्या लेन्सला हे प्रमाण स्वबळावर गाठता येते तिला निःशंकपणे मॅक्रो लेन्स म्हणावे. झूम लेन्सवरील तो छाप पुष्कळदा १:४ किंवा १:३ इतक्याच प्रमाणाचा निदर्शक असतो. पडताळा घेण्यास पाच रुपयांचे जुने नाणे पुरेसे आहे. त्याचा व्यास २३ मिलिमीटर असतो. पूर्ण आकाराच्या सेन्सरची उंची २४ मिलिमीटर आणि रुंदी ३६ मिलिमीटर असते. म्हणून १:१ प्रमाणात ते नाणे चौकटीत वरखाली अर्धा अर्धा मिलिमीटर जागा ठेवून जेमतेम मावते. ज्यांच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, म्हणजे सुमारे १६ मिलिमीटर उंचीचा आहे, त्यांना त्याच प्रमाणात नाण्याचा काही भागच मिळेल, आणि संपूर्ण नाणे हवे असेल तर थोडे मागे सरावे लागेल. हे लहान सेन्सरचे वैगुण्य नव्हे. बारीक किड्याचे चित्र घेणाऱ्यास त्याचा उलट लाभच होतो, कारण तोच किडा चौकटीचा अधिक भाग व्यापतो. प्रमाणाचे सामर्थ्य किती, हे सांगावयाचे तर चोवीस मेगापिक्सेलच्या पूर्ण आकाराच्या सेन्सरवर ३६ मिलिमीटर रुंदी सहा हजार बिंदूंत विभागलेली असते, म्हणजे १:१ प्रमाणात विषयाच्या एका मिलिमीटरमागे दीडशेहून अधिक बिंदू खर्ची पडतात. जरीच्या तारेतील रेशमी गाभा आणि त्याभोवती गुंडाळलेली चपटी धातूची पट्टी ही दोन्ही इथे वेगळी दिसू लागतात.

प्रमाण सर्वच मॅक्रो लेन्सना बहुधा सारखे गाठता येते. त्यांच्यात खरा फरक पडतो तो नाभीय अंतरामुळे, ज्याला व्यवहारात आपण फोकल लेंथ म्हणतो. ५० ते ६० मिलिमीटरच्या लेन्सने १:१ गाठावयाचे तर विषय लेन्सच्या तोंडापासून पाच ते दहा सेंटिमीटरवर यावा लागतो. ९० ते १०५ मिलिमीटरच्या लेन्समध्ये हे मोकळे अंतर तेरा ते पंधरा सेंटिमीटरच्या घरात जाते. आणि १५० ते २०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये ते वीस सेंटिमीटरच्या वर, काहींत पंचवीस सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. माहितीपत्रकात ‘किमान फोकस अंतर’ म्हणून जो आकडा दिलेला असतो तो सेन्सरच्या पातळीपासून मोजलेला असतो, लेन्सच्या तोंडापासून नव्हे; म्हणून शंभर मिलिमीटरच्या लेन्ससमोर तीस सेंटिमीटर असे वाचून ग्राहकाची जी समजूत होते, तिच्यातून कॅमेऱ्याची जाडी आणि लेन्सची लांबी वजा जाता हातात निम्म्याहून कमी अंतर उरते. शिवाय ज्या लेन्स आतल्या आत फोकस करतात, त्यांचे नाभीय अंतर जवळच्या विषयावर काहीसे आखूड होते, आणि मोकळ्या अंतरातही त्या प्रमाणात घट येते. तेव्हा आकड्यांची रुजुवात दुकानात, लेन्स कॅमेऱ्यावर चढवून, पट्टीने मोजूनच करावी.

अंतर जसजसे कमी होते तसतशी खोली आणि प्रकाश या दोन्हींची टंचाई निर्माण होते, हा निसर्गाचाच नियम असून त्यातून कोणतीही किमती लेन्स सूट देत नाही. पूर्ण आकाराच्या सेन्सरवर १:१ प्रमाणात एफ ८ या अ‍ॅपर्चरला स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची खोली साधारण एक मिलिमीटर असते. एफ १६ ला ती दुप्पट होते खरी, परंतु या प्रमाणात प्रत्येक अ‍ॅपर्चर प्रत्यक्षात दुप्पट आकड्याचे काम करीत असल्याने एफ १६ हे एफ ३२ प्रमाणे वागते आणि प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्राची धार बोथट होऊ लागते. ज्या लेन्सवर एफ २.८ असे अभिमानाने लिहिलेले असते तीही १:१ ला एफ ५.६ एवढाच, म्हणजे एक चतुर्थांश, प्रकाश आत घेते. म्हणून बहुतेक काम एफ ८ ते एफ ११ यांच्या दरम्यान करावे, फोकसचे कडे फिरवीत बसण्याऐवजी कॅमेराच तिपाईवरील सरकपट्टीने पुढेमागे करावा, आणि विषय निश्चल असेल तर निरनिराळ्या पातळ्यांवर घेतलेली छायाचित्रे मागाहून एकत्र जुळवावीत, असा सर्वसाधारण सल्ला या पुस्तकात दिला आहे. हाताचा कंप सावरणाऱ्या यंत्रणेची मर्यादाही येथेच ध्यानात घ्यावी. २००६ मध्ये निकॉनने आणि २००९ मध्ये कॅननने आपल्या शंभरीच्या आसपासच्या मॅक्रो लेन्समध्ये अशी यंत्रणा बसविली, त्याने हाताने चित्र घेणाऱ्यांची मोठी सोय झाली. तथापि कॅननच्या स्वतःच्या सांगण्यानुसारही दूरच्या विषयावर चार पायऱ्यांचा मिळणारा लाभ १:१ वर दोन पायऱ्यांवर येतो. जवळच्या कामात तिपाईची जागा तिपाईनेच भरून काढावी लागते.

मॅक्रो लेन्स जन्मास आली ती फुलापाखरांसाठी नव्हे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यासाठी अशी पहिली लेन्स १९५५ मध्ये जर्मन संशोधक हाइन्झ किलफिट यांच्या कारखान्याने आणली, आणि लगेच पुढच्या वर्षी जपानच्या निप्पॉन कोगाकू कंपनीने पाच सेंटिमीटरची मायक्रो-निक्कोर सिद्ध केली, ती ग्रंथ व कागदपत्रे सूक्ष्म फिल्मवर उतरविण्यासाठी. जपानी लिपीतील दाट रेघांची अक्षरे रोमन अक्षरांइतक्या सैल काचेने वाचनीय राहत नव्हती, म्हणून चौकटीच्या मध्यभागी जेवढी धार तेवढीच चारही कोपऱ्यांत देणारी, आणि सपाट कागदाचे प्रतिबिंब सपाटच ठेवणारी काच त्यांना घडवावी लागली. हा सपाटपणाचा गुण आजही मॅक्रो लेन्सला साध्या लेन्सहून वेगळी ठरवितो. ज्यांच्या घरी सनदा, वतनाचे कागद किंवा मोडीतील जमाखर्चाच्या वह्या आहेत, त्यांनी या इतिहासातून बोध घ्यावा : मोडीची जोडून धावणारी ओळ, शाईचा फिकटपणा, कागदाच्या कडेला पडलेली कसर, हे सर्व कोपऱ्यापर्यंत सारख्या धारेने उतरावयास हवे असेल, तर ५० ते ६० मिलिमीटरची साधी, जुनी, हाताने फोकस करावयाची मॅक्रो लेन्सही पुरेशी आहे, आणि दस्तऐवज सरळ पाटावर ठेवून कॅमेरा त्याला समांतर टांगण्याची तजवीज करणे हे लेन्सच्या किमतीहून महत्त्वाचे आहे.

निश्चल विषयांत या शहराचे वस्त्र, हिमरू, अग्रभागी ठेवले पाहिजे. हिमरूचा ताणा सुती आणि बाणा रेशमी; नक्षीसाठी घातलेला जादा बाणा जिथे वर दिसत नाही तिथे पाठीमागे मोकळा तरंगत राहतो, त्यामुळे कापडाच्या मागल्या अंगाला सुट्या धाग्यांचा एक थर जमतो आणि तोच वस्त्राला ऊब व मऊपणा देतो. पैठणीची रीत याहून निराळी. तिथे पदरातील मोर, कमळ वा आसावली ज्या रंगाची, त्या रंगाचा बाणा तेवढ्याच जागेत फिरून शेजारच्या रंगाच्या धाग्यात गुंतून परततो, म्हणून पाठीमागे सुटा धागा राहत नाही आणि वस्त्र दोन्ही अंगांनी सारखेच दिसते. ही दोन्ही विधाने पुस्तकांत शंभरदा वाचली तरी जी प्रतीती येत नाही ती १:१ च्या एका छायाचित्रात येते. कापड सपाट पसरावे, कॅमेरा वरून समांतर ठेवावा, प्रकाश मात्र एका बाजूने, कापडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ लगटून सोडावा. मग हिमरूच्या पाठीवरील प्रत्येक तरंगता धागा आपल्या सावलीसह उठून दिसतो, आणि पैठणीच्या मोराच्या कडेला दोन रंगांच्या धाग्यांनी परस्परांत घातलेले आकडे एकेक करून मोजता येतात. हातमागावरची पैठणी आणि यंत्रमागावरची नक्कल यांतील भेद ओळखू इच्छिणाऱ्या गृहिणीलाही असे छायाचित्र उपयोगी पडेल. या कामाला मोकळे अंतर थोडे असले तरी चालते, कारण धागा पळून जात नाही. फक्त लेन्सची सावली विषयावर पडू नये एवढे अंतर हवे, आणि त्या दृष्टीने साठापेक्षा शंभर मिलिमीटर सोयीची.

हीच गोष्ट नाण्यांची. पैठण ही सातवाहनांची राजधानी, आणि त्यांच्या काळाविषयीचे एक मोठे साक्षीपत्र नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये सापडले : नहपान या क्षत्रप राजाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा तो साठा होता, आणि त्यांतील सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. अशा दुबार ठशाच्या नाण्यावर तिरपा प्रकाश टाकून पाहिले असता सातकर्णीच्या चैत्यचिन्हाच्या कमानींखालून नहपानाच्या चेहऱ्याची रेषा आणि जुन्या ग्रीक अक्षरांचे अवशेष डोकावतात. एका राज्याचा पराभव आणि दुसऱ्याचा अंमल हे दोन्ही जेमतेम दीड सेंटिमीटरच्या चांदीच्या तुकड्यावर एकावर एक बसलेले आढळतात. सपाट प्रकाशात किंवा फ्लॅशच्या थेट झोतात यातले काहीच दिसत नाही. म्हणून नाण्यासाठी लेन्स निवडताना असे अंतर पाहावे की, दिवा लेन्स व नाणे यांच्यामधून तिरपा आत येऊ शकेल. आणि नाणे उजळ दिसावे म्हणून ते घासू नये, चिंचेच्या पाण्यात टाकू नये; त्याच्या अंगावरचा काळसर थर हा त्याच्या इतिहासाचा भाग आहे.

सजीव विषयांकडे वळताच अंतराचा प्रश्न अधिक नाजूक होतो. या जिल्ह्यात कापूस आणि मका ही पिके जेवढ्या विस्ताराने घेतली जातात, तेवढ्याच प्रमाणात त्यांच्या किडींची ओळख ही शेतकऱ्याच्या पोटापाण्याची बाब आहे. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये भारतात, आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात, प्रथम आढळली. तिची खूण म्हणून डोक्यावर उलट्या इंग्रजी वाय या अक्षरासारखी फिकी रेघ आणि शेपटीकडील आठव्या खंडावर चौकोनात मांडलेले चार काळे ठिपके सांगितले जातात. ही खूण शब्दांनी सांगून पोंग्यात वाकून पाहणाऱ्या माणसाला पटकन ओळखू येत नाही, तर स्वच्छ छायाचित्राने येते. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीचेही तसेच : तिच्या प्रादुर्भावाने फूल पूर्ण न उमलता पाकळ्या एकमेकींत गुंतून राहतात, त्याला शेतकरी डोमकळी म्हणतात, ती डोमकळी उघडून आतल्या इवल्या अळीचे चित्र घेणे, किंवा पानाच्या खालच्या अंगावरील तुडतुडे, मावा आणि एका मिलिमीटरच्या आसपासचे फुलकिडे टिपणे, हे निव्वळ हौसेचे काम राहत नाही. कृषी विस्ताराच्या कार्यकर्त्याने घेतलेले असे एक नेमके चित्र चुकीच्या फवारणीचा खर्च वाचवू शकते.

या कामासाठी साठ मिलिमीटरची लेन्स सहसा घेऊ नये. पाच-सहा सेंटिमीटरवर लेन्सचे तोंड आले की तुडतुडा उडी मारतो, फुलपाखरू उडून जाते, आणि जो किडा बसून राहतो त्याच्यावर कॅमेऱ्याचीच सावली पडते. ९० ते १०५ मिलिमीटर हे शेतातील बहुतेक कामाला योग्य माप आहे. सलीम अली सरोवराच्या काठावरील चतुर, हिमायत बागेच्या झाडीतील फुलपाखरे किंवा कन्नड-चाळीसगाव यांच्यामधल्या गौताळा अभयारण्यातील सावध कीटक हे ज्याचे मुख्य विषय असतील, त्याने १५० ते १८० मिलिमीटरच्या लेन्सचा विचार करावा, मात्र तिचे वजन आणि तिला लागणारी भक्कम तिपाई यांचा हिशेब आधी मांडावा. आणखी एक गोष्ट सांगणे अगत्याचे आहे. सर्वच सुंदर जीवांना १:१ लागत नाही. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्याचे फुलपाखरू म्हणून घोषित केलेल्या नीलवंताचे पंख पसरल्यावर बारा ते पंधरा सेंटिमीटर भरतात; ते संपूर्ण टिपावयास १:४ च्या आसपासचे प्रमाणच पुरते, आणि १:१ वर त्याच्या पंखावरील खवल्यांच्या रांगा दिसतात, फुलपाखरू दिसत नाही. प्रमाणाचा हव्यास हा विषयाच्या आकलनाला पर्याय होऊ शकत नाही. कीटक पहाटेच्या गारव्यात मंद असतात, त्या वेळी उठून शेतात जावे. त्यांना थंडगार करून, चिमट्याने हलवून वा फांदी तोडून सोयीच्या जागी आणून चित्र घेऊ नये. तसे केल्याने जे चित्र मिळते ते त्या जीवाच्या जगण्याचे चित्र राहत नाही.

तिसरा विषय लेण्यांचा, आणि तिथे या पुस्तकाचा सल्ला निराळा आहे. अजिंठ्याच्या चित्रांखालचा गिलावा माती, धान्याची तुसे आणि वनस्पतींचे तंतू यांनी बनलेला आहे, आणि त्यावरचा रंगाचा थर अत्यंत नाजूक आहे. म्हणून तिथे फ्लॅशला मनाई आहे, तिपाईला परवानगी लागते, आणि कठड्यांनी पाहणाऱ्याला भिंतीपासून दूर ठेवले आहे. ही मनाई अडचण म्हणून न मानता ती त्या वस्तूने ठरविलेले अंतर म्हणून स्वीकारावी. मॅक्रो लेन्सने १:१ टिपण्याची ही जागा नाही. परंतु शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स दूरच्या विषयावरही तितकीच उत्तम धार देत असल्याने कठड्याअलीकडून एखाद्या हाताची मुद्रा, मुकुटातील मोत्यांची सर किंवा रंग उडून उघडा पडलेला गिलावा तिने शांतपणे टिपता येतो. जवळून तपासण्याचे काम शास्त्रज्ञांच्या हाती सोडावे. वेरूळच्या गिलाव्यात भांगेचे तंतू मिसळले होते व त्यांनी तो टिकण्यास साहाय्य केले, असे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचे मिलिंद सरदेसाई आणि पुरातत्त्व खात्यात रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम केलेले राजदेव सिंह यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखविले. ते निदान सूक्ष्मदर्शकाखाली झाले. जिथे सूक्ष्मदर्शकाचा अखत्यार सुरू होतो तिथे मॅक्रो लेन्सने थांबावे.

ज्यांना नवी मॅक्रो लेन्स तूर्त परवडत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. कॅमेरा व लेन्स यांच्यामध्ये बसणाऱ्या पोकळ नळ्या, ज्यांना एक्स्टेन्शन ट्यूब म्हणतात, त्यांत काच नसते, त्यामुळे काचेचा दोषही त्या वाढवीत नाहीत. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सला पंचवीस मिलिमीटरची नळी जोडली की प्रमाणात अर्ध्याची भर पडते. मोकळे अंतर मात्र झपाट्याने घटते, म्हणून हा उपाय नाणी, कापड आणि फुले यांच्यापुरता उत्तम. लेन्सच्या पुढे बसणारे क्लोज-अप भिंग लांब झूम लेन्सवर चांगले काम देते, कारण तिथे अंतर त्या भिंगाच्या शक्तीवर ठरते. जुन्या, हाताने फिरवावयाच्या मॅक्रो लेन्स वापरलेल्या मालात मिळतात, आणि ज्या कामात फोकस हातानेच करावयाचे आहे तिथे त्यांचे वय आड येत नाही. मात्र घेण्यापूर्वी दिव्यासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल आले नाही ना, हे पाहावे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात दमट हवा यांचा बंदोबस्त करावयाचा तर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह लेन्स ठेवणे एवढा साधा शिरस्ता पुरतो.

पुस्तकाची मांडणी पुढील क्रमाने केली आहे : आधी विषय, मग अंतर, मग प्रकाश, आणि सर्वांत शेवटी लेन्सचा तपशील. ज्या विणकरांनी आपले माग, ज्या शेतकऱ्यांनी आपली शेते आणि ज्या गृहस्थांनी आपल्या पेट्या या कामासाठी उघडल्या, त्यांचे ऋण मी मनःपूर्वक मानतो. वाचकाला एकच लेन्स घ्यावयाची असेल आणि त्याचे विषय अजून निश्चित नसतील, तर त्याने ९० ते १०५ मिलिमीटरची घ्यावी, हा माझा निःसंदिग्ध कौल आहे. ती कापडाला पुरते, शेतात चालते आणि लेण्यात कठड्याअलीकडे राहूनही उपयोगी पडते. परंतु ती घेतल्यानंतर पहिल्याच वर्षी सर्व विषयांच्या मागे धावू नये. आपल्या घरातील एक वस्त्र, आपल्या शेतातील एक पीक किंवा आपल्या अंगणातील एक झाड निवडावे, आणि त्याची ऋतुमानाप्रमाणे, तारीखवार, ठिकाण व प्रमाण नमूद करून नोंद ठेवावी. कोणत्या आठवड्यात कपाशीवर पहिली डोमकळी दिसली, कोणत्या पैठणीची जर कोठे झिजू लागली, कोणत्या कागदाची शाई किती उडाली, हे सांगू शकणारी नोंद या जिल्ह्यात आज अतिशय थोड्यांपाशी आहे. गावोगावच्या हौशी माणसांनी अशी दफ्तरे सिद्ध केली, तर पुढच्या पिढीच्या विणकराला, शेतकऱ्याला आणि इतिहासकाराला त्यांचा आधार घेता येईल, आणि लेन्सवर खर्च केलेली रक्कम खऱ्या अर्थाने कारणी लागेल.